स्टिल बॉटममधलं क्लोरीन: आमच्या लॅबमध्ये ०.४ टक्के, टीएसडीएफच्या रिपोर्टमध्ये ६.८ टक्के

ईएचएस_शिफ्टए:
नमस्कार मंडळी. प्लांट बल्क ड्रग इंटरमीजिएटचा. टोल्युइन रिकव्हरीच्या स्टिलखालचा रेसिड्यू (स्टिल बॉटम, घातक कचऱ्याच्या यादीत कॅटेगरी २०.३) ड्रममध्ये भरून टीएसडीएफच्या, म्हणजे घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राच्या, सामाईक इन्सिनरेटरला जातो. सध्या ३६ ड्रम आहेत, साधारण ७.२ टन. आमच्या लॅबने क्लोराइड ०.४ टक्के दिलं, त्यांच्या रिपोर्टमध्ये क्लोरीन ६.८ टक्के आहे. थेट जाळता येणार नाही, ब्लेंडिंग (दुसऱ्या कचऱ्यात मिसळणं) लागेल आणि दर वेगळा पडेल, असं ते म्हणतात. माल साठवायची ९० दिवसांची मुदत संपायला तीन आठवडे उरलेत. एवढा फरक कशाने येतो? क्लोरीन जास्त असल्याने भट्टीचं नेमकं बिघडतं काय, शेवटी सगळं जळूनच जातं ना? आणि हा माल सिमेंट किल्नला देता येईल का?

लॅबबेंच:
तुमच्या लॅबने बहुतेक पाण्यात ढवळून, गाळून सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन केलं असणार. त्यात फक्त आयनिक क्लोराइड पकडलं जातं, म्हणजे मीठ आणि हायड्रोक्लोराइड. कार्बनला बांधलेलं क्लोरीन सिल्व्हर नायट्रेटला दिसतच नाही. उदाहरणार्थ, शुद्ध एमडीसीत (मेथिलीन डायक्लोराइड, क्लोरीनवाला सॉल्व्हंट) वजनाने ८३.५ टक्के क्लोरीन असतं, तरी या पद्धतीने जवळपास शून्य येईल. इन्सिनरेटरवाल्यांना एकूण क्लोरीन लागतं, त्यासाठी ऑक्सिजन बॉम्ब (दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये नमुना जाळायचं बंद धातूचं भांडं) हवा.

पद्धत अशी: ०.५ ते ०.८ ग्रॅम नमुना जिलेटिन कॅप्सूलमध्ये घ्या, उघड्या क्रुसिबलमध्ये नको, वजन करेपर्यंत उडून जातो. क्लोरीन जास्त वाटलं तर थोडं पॅराफिन तेल घाला, नाहीतर अर्धवट जळून काजळी राहते. बॉम्बच्या तळाशी १० मिली सोडियम कार्बोनेटचं द्रावण आणि आत २५ ते ३० बार ऑक्सिजन. पेटवल्यावर १५ मिनिटं हात लावू नका आणि दाब अगदी हळू सोडा. इथेच बहुतेकांचं चुकतं: घाईने व्हॉल्व्ह उघडला की एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) वायूबरोबर निघून जातो आणि आकडा कमी येतो. मग आतला भाग, झाकण, तारा सगळं डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने धुऊन टायट्रेशन किंवा आयन क्रोमॅटोग्राफी करा. पडताळणीसाठी क्लोरोबेन्झीन चालवा, ३१.५ टक्के यायला हवं. बॉम्ब हॅलोजन सहन करणाऱ्या मिश्रधातूचा घ्या. साधा स्टेनलेस आतून खड्डे पडून वाया जातो.

ड्रमजवळ झटपट कळायला हवं असेल तर तांब्याची तार निळ्या ज्योतीत तापवून रंग जाईपर्यंत जाळा, गार करा, रेसिड्यूत बुडवा, पुन्हा ज्योतीत धरा. हिरवीगार ज्योत म्हणजे हॅलोजन आहे. किती आहे ते कळत नाही, आणि धूर विषारी असतो, म्हणून हे फ्यूम हूडमध्येच.

नमुना कसा घेतला तेही तपासा. पाणी शिरलेल्या ड्रममध्ये थर पडतात, डांबर तळाला बसतं. वरून मगभर काढलेला नमुना म्हणजे फक्त वरचा थर. ड्रमच्या उंचीची काचेची नळी हळूहळू तळापर्यंत सोडा, वरचं तोंड बंद करून उचला, म्हणजे सगळे थर त्याच प्रमाणात येतात. ३६ ड्रमना वर्गमूळ अधिक एक, म्हणजे ७ ड्रम. बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवा.

किल्न_पॅनल:
‘जळूनच जातं ना’ याबद्दल. कार्बन जळतो, हायड्रोजन जळतो. क्लोरीन जळत नाही, फक्त एचसीएल होऊन गॅसमध्ये येतं आणि ते कुठेतरी पकडावंच लागतं. तुमच्या ७.२ टनांत ४९० किलो क्लोरीन आहे. त्याचा साधारण ५०० किलो एचसीएल, तो धुवायला कमीत कमी ५५० किलो कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), आणि त्यातून ८०० किलो मीठ. हे मीठ स्क्रबरच्या (गॅस धुणाऱ्या यंत्राच्या) पाण्यातून सुकवून शेवटी सुरक्षित लँडफिलमध्येच जातं. चिमणीवर एचसीएलची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर (११ टक्के ऑक्सिजनला). स्क्रबरचा पीएच पंधरा मिनिटं घसरला तरी ऑनलाइन मॉनिटरवर टोक दिसतं.

दुसरं डायॉक्सिन, क्लोरीनवाली अतिविषारी संयुगं. सेकंडरी चेंबरमध्ये ११०० अंश आणि किमान २ सेकंद मिळाले तर क्लोरीनवाले रेणू तुटतात. पण गॅस थंड होताना साधारण ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात, राखेतल्या तांब्याच्या संगतीने, डायॉक्सिन नव्याने तयार होतं. म्हणून क्वेंचमध्ये (पाणी फवारून गॅस झटकन थंड करतात तिथे) हा पट्टा एका सेकंदाच्या आत ओलांडायचा असतो. एक नोझल अर्धवट तुंबलं तरी फवाऱ्यात कोरडी फट राहते, आणि मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू (विषारीपणाच्या हिशोबाने धरलेलं वजन) इतकी बारीक आहे. क्लोरीन जितकं जास्त, तितकी ही चूक महाग.

ब्लेंडिंगचं गणित साधं आहे: ६.८ टक्क्यांचा एक टन १ टक्क्यावर आणायला जवळपास सहा टन बिनक्लोरीनचा कचरा लागतो. दर त्यामुळेच वाढतो.

भरण्याचा वेग हेही तितकंच मोठं प्रकरण. टोल्युइनवाल्या मालाचा मोठा लगदा एकदम किल्नमध्ये गेला की तो भपकन पेटतो, ऑक्सिजन खाली बसतो, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १०० मिलिग्रॅमच्या वर उसळतो आणि इंटरलॉक फीड बंद करतो. म्हणून ५ ते १० किलोच्या पिशव्या ठरावीक अंतराने टाकतात. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला, तेव्हा आधी १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या: ताशी १३५, १८० आणि २७० किलो. उरलेला ३०७ टन त्यानंतर, ३० जूनपर्यंत. चुना वगैरे मिसळल्यामुळे तिथे मूळ कचऱ्यापेक्षा राख-अवशेषच जास्त निघाले. भट्टीनंतरही लँडफिलचा खड्डा लागतोच, तो हिशोब आधीपासून धरायला हवा.

(क्लोरीनसोबत ब्रोमीन असेल तर ते आधी सांगाच. ब्रोमीन नुसत्या कॉस्टिकला नीट दाद देत नाही आणि चिमणीतून तपकिरी धूर दिसतो. स्क्रबरमध्ये थायोसल्फेट घालावं लागतं.)

स्टिल_ऑपरेशन:
माझी शंका वेगळीच आहे. सगळं क्लोरीन एमडीसीचं धरलं तर ६.८ टक्के म्हणजे ८.१ टक्के एमडीसी. पण एमडीसी ४० अंशांना उकळतं, टोल्युइन ११० ला. टोल्युइन काढून झाल्यावर बॉटममध्ये ८ टक्के एमडीसी उरणं शक्य नाही. मग एकतर क्लोरीन जड बाय-प्रॉडक्टमध्ये आहे, नाहीतर कुणीतरी दुसरं काही त्याच ड्रममध्ये ओततंय. हेडस्पेस जीसी (नमुन्यावरच्या वाफेची गॅस क्रोमॅटोग्राफी) करून घ्या, लगेच कळेल.

ईएचएस_शिफ्टए:
साहेब, विचारल्यावर कळलं. दुसऱ्या स्टेजच्या रिॲक्टरची एमडीसीची धुलाई याच ड्रममध्ये जाते. दोन्ही ड्रम निळे, जागा एकच.

स्टिल_ऑपरेशन:
मग उपाय तुमच्याच हातात आहे. आजपासून धुलाईचा ड्रम वेगळा, वेगळ्या रंगाचा, लेबलवर ‘हॅलोजनयुक्त’, आणि डाइक (गळती अडवणारा कट्टा) वेगळा. एक गोष्ट जिवाशी आहे: सोडियम अझाइड वापरणाऱ्या कुठल्याही बॅचचा एमएल (मदर लिकर, म्हणजे उत्पादन गाळून उरलेलं द्रावण) किंवा धुलाई एमडीसीच्या ड्रममध्ये जाता कामा नये. त्यातून डायअझिडोमिथेन बनतं, ते नुसत्या धक्क्याने फुटतं. वापरलेलं पॅलेडियम-कार्बन किंवा रेनी निकेलही या ड्रमच्या आसपास नको; ते कोरडं पडलं की आपोआप पेटतं, पाण्यातच ठेवायचं.

या ३६ ड्रममध्ये ५८५ किलोच्या आसपास एमडीसी आहे. कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) इन-हाउस रिकव्हरी असेल तर ते काढता येईल. आधी बॉटमचं डीएससी (तापवताना किती उष्णता सुटते ते मोजणारी चाचणी) करा. पुन्हा तापवल्यावर उष्णता सोडणारा माल असेल तर हात लावू नका. ठीक असेल तर जॅकेटला वाफ न देता ६० ते ६५ अंशांचं गरम पाणी, कंडेन्सरला उणे १० ची ब्राइन (थंड खारं पाणी), रिसीव्हरही थंड. व्हेंटवर दुसरा कंडेन्सर हवाच, नाहीतर निम्मं एमडीसी हवेत जाईल आणि ऑपरेटरच्या नाकात. शेवटपर्यंत कोरडं करू नका, डांबर तळाला चिकटलं तर काढणं मुश्किल.

क्लोरीन दीड टक्क्याच्या खाली आलं की सिमेंटचा रस्ता उघडतो, प्री-प्रोसेसिंगमार्गे (भट्टीआधी मिसळून एकसारखं करून). त्याच्या वर गेलं की अल्कली क्लोराइड प्रीहीटरमध्ये जाऊन गोठतात आणि सायक्लोन तुंबतात, म्हणून ते घेत नाहीत.

मुदतवाढीचा अर्ज मंडळाकडे याच आठवड्यात करा, दोन्ही लॅबचे रिपोर्ट जोडून. स्ट्रिपिंगनंतर (एमडीसी काढून झाल्यावर) पुन्हा सात ड्रमचे नमुने काढा आणि मॅनिफेस्टवर (कचऱ्यासोबत जाणाऱ्या कागदावर) नवा आकडा टाका, जुना ०.४ नको.

ईएचएस_शिफ्टए:
आभारी आहे. डीएससीला नमुना आजच पाठवतो, अर्ज उद्या. ड्रमला लाल पट्टे मारायला सुरुवात झालीय.