पुन्हा: पॅक-१२ला आठवं स्कूल टेक्सासमध्येच का सापडलं?

प्रेषक: फ्रीमाँटकर
प्रति: मंडळ-चर्चा

नमस्कार मंडळी,

या यादीवर कॉलेज फुटबॉल बघणारे बरेच आहेत, म्हणून विचारतो. पॅक-१२ने, म्हणजे पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या (इथल्या भाषेत स्कूलांच्या) क्रीडा-गटाने किंवा कॉन्फरन्सने, नव्याने मांडणी करताना बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि यूटा स्टेट घेतली, ते समजलं. गोन्झागाला फुटबॉलच नाही, पण बास्केटबॉलसाठी घेतलं, तेही पटलं. पण आठवं टेक्सास स्टेट? कुठे टेक्सासमधलं सॅन मार्कोस आणि कुठे ओरेगनमधलं कॉर्व्हॅलिस! इकडे सॅक्रामेंटो स्टेट कधीपासून दारात उभं होतं. शहर मोठं, प्रवास कमी. मग माशी शिंकली कुठे?

जाता जाता आणखी एक. मंडळातली काही मुलं टेनिस आणि गोल्फसाठी कॉलेजं बघताहेत. त्यांच्या आईवडिलांनी या कॉन्फरन्सच्या भानगडीत कितपत लक्ष घालावं?

---

प्रेषक: सिएटलकर
प्रति: मंडळ-चर्चा

फ्रीमाँटकर दादा,

आठवं स्कूल निवडताना तारीख बघतात, नववं निवडताना पैसा. तुमचा प्रश्न आठव्याचा आहे, म्हणून आधी तारखा सांगते.

कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या नियमाप्रमाणे एफबीएस (फुटबॉलची सर्वांत वरची पायरी) कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारी किमान ८ स्कूलं लागतात. २०२४च्या उन्हाळ्यात पॅक-१२मधून दहा जण निघून गेले आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच उरली. अशा वेळी संख्या भरून काढायला दोन वर्षांची सवलत मिळते, म्हणजे १ जुलै २०२६ला आठ हजर पाहिजेत. गोन्झागा या मोजणीत येत नाही. उरलेल्या दोघांत माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून आलेली, तुम्ही सांगितलेली पाच मिळवली की होतात सात. सातावर अडलं तर टीव्ही करार कितीही चांगला असो, कॉन्फरन्सच उभी राहत नाही.

आता सॅक्रामेंटो. ते तेव्हा एफसीएसमधलं, म्हणजे खालच्या पायरीवरचं स्कूल. वर चढायचं तर आधी एखाद्या एफबीएस कॉन्फरन्सचं रीतसर आमंत्रण लागतं. एनसीएएचं अर्ज-शुल्क २०२३ साली ५ हजार डॉलरवरून थेट ५ मिलियनवर नेलंय. त्यावर दोन वर्षांचा संक्रमणकाळ. आमंत्रणाशिवाय वर येऊ द्या, ही सॅक्रामेंटोची विनंती जून २०२५मध्ये फेटाळली गेली. घड्याळ चालू असताना अशा उमेदवारावर आठवी जागा कोण लावणार? टेक्सास स्टेट मात्र सन बेल्ट या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये आधीपासून पूर्ण एफबीएस सदस्य होतं.

त्यांचीही तारीख होती. सन बेल्ट सोडायची फी ३० जून २०२५पर्यंत ५ मिलियन, १ जुलैपासून दुप्पट. पॅक-१२ने सीबीएस चॅनलबरोबरचा टीव्ही करार जूनच्या शेवटच्या आठवड्यात जाहीर केला आणि टेक्सास स्टेटच्या बोर्डाने ३० जूनला होकार दिला. हा क्रम महत्त्वाचा. सप्टेंबर २०२४मध्ये मेम्फिस, तुलेन, साउथ फ्लोरिडा आणि यूटी सॅन अँटोनियो यांच्याकडे पॅक-१२ गेली, तेव्हा हातात सही झालेला करार नव्हता, फक्त अंदाज होते. त्यांच्या अमेरिकन कॉन्फरन्समधून निघायचं म्हणजे १० मिलियन आणि २७ महिन्यांची नोटीस. लवकर निघायचं तर रक्कम वाटाघाटीने आणखी चढते. अंदाजावर कोण एवढे पैसे मोजेल? चौघांनीही हात वर केले.

माउंटन वेस्टमधून पाच जणांना आणण्याचाही हिशोब बघा. २०२४च्या सीझनला सामने मिळावेत म्हणून उरलेल्या दोघांनी माउंटन वेस्टशी वेळापत्रकाचा करार केला होता. त्यात एक कलम होतं: आमचं पहिलं स्कूल पळवलंत तर १० मिलियन, पुढच्या प्रत्येकाला अर्धा मिलियन जास्त. म्हणजे १०, १०.५, ११, ११.५, १२, एकूण ५५. शिवाय त्या पाचांची स्वतःची सोडचिठ्ठीची फी वेगळी. पॅक-१२ने पाचवं स्कूल आणलं त्याच सुमारास ही अटच बेकायदा आहे म्हणून कोर्टात दावा लावला. पण सही करताना ती वाचलेली होतीच की! अडलेल्या माणसाने केलेला करार होता तो, दुसरं काय.

---

प्रेषक: डॅलसकर
प्रति: मंडळ-चर्चा

सिएटलकर ताईंचं तारखांचं गणित मान्य. पण टेक्सास स्टेट निव्वळ नाइलाजाने घेतलं असा सूर लागतोय, तो मला पटत नाही.

सॅन मार्कोस हे ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या मध्ये, आय-३५वर. विद्यार्थी ४० हजारांच्या घरात. खेळाडू हेरायला टेक्सासइतकं सकस रान दुसरं नाही आणि पॅक-१२ला तिथे आता घरच्या मैदानावरचे सामने मिळतील. टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घड्याळ. पूर्वेकडे दुपारी १२चा सामना दाखवायचा तर पॅसिफिक किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजलेले असतात. त्या वेळी कोण स्टेडियमवर येणार? सेंट्रल वेळेत एक स्कूल असलं की निदान ११ वाजता खेळवता येतं. बाकीच्यांचे सामने पूर्वेला लोक झोपायला गेल्यावर संपतात, ही या किनाऱ्याची जुनी रड आहे.

आता नवव्याचं गणित. आकडे समजुतीचे घ्या. आठ स्कूलं, प्रत्येकाला टीव्हीचे १० मिलियन, एकूण ८०. नववं स्कूल ६ मिलियनची भर घालतं. मग ८६ भागिले ९, म्हणजे ९.५६. जुन्या प्रत्येकाचे सुमारे साडेचार लाख डॉलर गेले. मग ते नवव्याच्या बाजूने मत कशासाठी देतील? मार्ग दोनच. एक, टीव्ही करारातच कलम असावं की नवा सदस्य आला तर त्याच्या वाटचे पूर्ण पैसे चॅनल वाढवून देईल. दोन, नव्याने काही वर्षं कमी वाटा घ्यावा. वरच्या उदाहरणात नवव्याला ४ दिले तर जुन्या आठांत ८२ वाटले जातात, प्रत्येकी १०.२५. झाला ठराव पास.

आमच्या इथल्या एसएमयूने (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) हे दोन्ही मार्ग एकत्र वापरले. सप्टेंबर २०२३मध्ये एसीसीने (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) स्टॅनफर्ड, कॅल (बर्कली) आणि एसएमयू घेतली. ईएसपीएन चॅनलबरोबरच्या करारात पहिल्या प्रकारचं कलम होतं, म्हणून तिघांच्या वाटचा पैसा येणारच होता. एसएमयूने ९ वर्षं टीव्हीचा वाटा सोडला. स्टॅनफर्ड आणि कॅल पहिली सात वर्षं ३० टक्क्यांवर, आठव्या वर्षी ७०, नवव्या वर्षी ७५, मग पूर्ण. राहिलेला पैसा जुन्यांच्या भांड्यात. एवढं करूनही १५ पैकी १२ मतं जमवताना घाम फुटला. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना शेवटपर्यंत विरोधात, नॉर्थ कॅरोलायना स्टेटने बाजू बदलली तेव्हा बारा झाले. पक्षांतराचे धडे द्यायला महाराष्ट्रच लागतो असं नाही!

एसएमयूला परवडलं कारण मागे पैसेवाले माजी विद्यार्थी उभे होते. काही दिवसांत १०० मिलियन उभे केले त्यांनी. पहिल्याच वर्षी, २०२४ला, संघ एसीसीच्या अंतिम सामन्यात आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये गेला. बघून सगळ्यांना वाटतं आपणही फुकट जाऊ. पण टीव्हीचा वाटा नाही, आणि २०२५-२६पासून स्कूलं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षीची मर्यादा २०.५ मिलियन. तो पैसा देणग्यांतून नाही आला तर विद्यापीठाच्या तिजोरीतून जातो.

---

प्रेषक: फ्रीमाँटकर
प्रति: मंडळ-चर्चा

काका, छान समजलं. पण मग शहराचा आकार कधीच मोजत नाहीत का? बिग टेन कॉन्फरन्सने न्यू जर्सीतलं रटगर्स घेतलं तेव्हा तर न्यू यॉर्कचा बाजार म्हणूनच सगळे बोलत होते.

---

प्रेषक: डॅलसकर
प्रति: मंडळ-चर्चा

तेव्हा मोजत होते. मेरीलँड आणि रटगर्स २०१४ला आली, तो केबलचा काळ. बिग टेन नेटवर्कला कॉन्फरन्सच्या हद्दीतल्या घरामागे जास्त दर मिळायचा, हद्दीबाहेर कमी. न्यू जर्सीतलं घर सामना बघो न बघो, केबलच्या बिलातून पैसे कापले जायचे. आता केबल तोडणारे तोडताहेत, त्यामुळे प्रश्न घरं किती हा उरला नाही, सामना लावून बसणारी माणसं किती हा आहे. सॅक्रामेंटोचा बाजार मोठा आहे, पण तिथलं घर शनिवारी कोणता सामना लावतं ते विचारा. एसीसीने फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनबरोबरच्या २०२५च्या तडजोडीत टीव्हीच्या पैशातला ६० टक्के भाग प्रेक्षकसंख्येवर वाटायचं ठरवलं, तेही याच कारणाने.

बिग टेन आणखी एक चाळणी लावते, ती विद्यापीठाच्या संशोधनाची. एएयूचं, म्हणजे संशोधनात आघाडीवरच्या विद्यापीठांच्या संघटनेचं, सदस्यत्व असलेल्यांना झुकतं माप. यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन चारही त्यात बसतात. अर्थात ओरेगन आणि वॉशिंग्टनलाही २०२३ला कमी वाट्यावरच घेतलं.

---

प्रेषक: सिएटलकर
प्रति: मंडळ-चर्चा

टेनिस-गोल्फच्या पालकांचा प्रश्न मागे राहिला, त्याकडे वळते. निवड फुटबॉल बघून होते, पण प्रवास सगळ्या खेळांना करावा लागतो.

नव्या पॅक-१२चं बेसबॉल घ्या. बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि यूटा स्टेट यांना बेसबॉल संघच नाही. उरले ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट, फ्रेस्नो, सॅन डिएगो, गोन्झागा आणि टेक्सास स्टेट. बरोबर सहा. एखाद्या खेळात विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश हवा तर कॉन्फरन्समध्ये तो खेळ खेळणारी किमान सहाच लागतात. उद्या एकाने बेसबॉल बंद केलं की थेट प्रवेश धोक्यात. म्हणून डॅलस बॅप्टिस्टला फक्त बेसबॉलपुरतं जोडून घेतलं. तुमच्या मुलाच्या खेळाची अशी मोजणी स्वतः करा, पाच मिनिटांचं काम आहे: प्रत्येक स्कूलच्या क्रीडा विभागाच्या पानावर त्या खेळाचा संघ आहे का बघा आणि बोटं मोजा. सहा किंवा सातवर थांबलात तर कोचला विचारायला एक प्रश्न मिळाला.

दुसरं, जोडीदार. बास्केटबॉल, व्हॉलीबॉलमध्ये पाहुणा संघ एका फेरीत दोन सामने उरकतो, गुरुवारी एक, शनिवारी एक. गोन्झागा स्पोकेनला आणि वॉशिंग्टन स्टेट पुलमनला, मध्ये साधारण ७५ मैल, बसने सव्वा-दीड तास. नामी जोडी. टेक्सास स्टेटला असा शेजारीच नाही. सॅन मार्कोसची फेरी म्हणजे एका सामन्यासाठी विमान, हॉटेल आणि बुडालेले तास. डॅलसकर काकांनी टीव्हीचं घड्याळ दाखवलं ते खरं, पण त्याची किंमत व्हॉलीबॉलच्या मुली भरणार, आणि ती कोणी निवडीच्या वेळी कागदावर मांडत नाही. माझ्या मते हीच या सगळ्या प्रक्रियेतली खोट आहे. स्टॅनफर्डचं तर विचारूच नका: नाव अटलांटिक कोस्टचं, पत्ता पॅसिफिकचा.

फुटबॉलला यातलं काही जाणवत नाही. आठ संघ, सगळे सगळ्यांशी एकदा, म्हणजे सातच सामने आणि सीझन बारा सामन्यांचा. उरलेले पाच भरायचे असतात. नववा आणला तर विषम संख्येमुळे दर आठवड्याला एक संघ रिकामा बसतो, म्हणून नववा आला की दहाव्याचा शोध सुरू होतो.

कोचला विचारायचं ते असं. गेल्या सीझनचं प्रवासाचं पूर्ण वेळापत्रक मागा, येत्या सीझनचं आश्वासन नको. त्यात सोमवार ते गुरुवार किती दिवस कॅम्पसबाहेर गेले ते मोजा. चाचणी बुडली तर ती बाहेरगावी देता येते का, कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारा. आणि रोस्टर, म्हणजे संघाची यादी. २०२५च्या हाउस सेटलमेंटमध्ये (खेळाडूंच्या पैशांवरून झालेल्या खटल्यातली तडजोड) सामील झालेल्या स्कूलांत शिष्यवृत्तीची जुनी मर्यादा जाऊन संघातल्या एकूण जागांवर मर्यादा आली: टेनिसला १०, गोल्फला ९. पूर्वी अकरावा-बारावा शिष्यवृत्तीशिवाय, वॉक-ऑन म्हणून सरावाला यायचा, ती जागा उरली नाही. तुमचं मूल कोचच्या यादीत कितवं आहे हे स्पष्ट विचारा. लाजू नका.

---

प्रेषक: डॅलसकर
प्रति: मंडळ-चर्चा

ताई, प्रवासाच्या मुद्द्यावर माघार घेतो. पालकांसाठी एका गोष्टीची भर.

करार कधी संपतो ते बघा. जुनी पॅक-१२ एवढी पटकन का फुटली? सदस्यांनी प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्सला लिहून दिले होते, त्याची मुदत २०२४च्या उन्हाळ्यात संपली. हक्क आपसूक परत, मग अडवणार कोण? एसीसीत तेच हक्क २०३६पर्यंत अडकलेले, म्हणून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनला कोर्टात जावं लागलं. तडजोडीनंतर बाहेर पडायची किंमत दरवर्षी उतरत २०३०-३१ला ७५ मिलियनवर येते. बिग टेनचा टीव्ही करार २०३०ला संपतो, बिग १२चा आणि पॅक-१२चा २०३१ला.

२०२७ला प्रवेश घेणारं मूल २०३१ला पदवी घेईल. म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत पुढच्या फेरीची जुळवाजुळव जोरात असेल. दोन कॉलेजांच्या ऑफर सारख्याच असतील तर जिथे स्पर्धा बसने जाण्याइतक्या जवळ आहेत आणि मुलाच्या विषयाचा विभाग दमदार आहे, ते घ्या. कॉन्फरन्सचा बिल्ला जर्सीवर असतो, तो उसवून दुसरा शिवायला एक दुपार पुरते.