एकाच फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं मॅग्नेटिक फील्ड कसं काढायचं?

प्रश्न (बारावी_सायन्स)
बायो-सावर्टने (करंटवरून मॅग्नेटिक फील्ड काढायचा नियम) वायरचं, लूपचं फील्ड काढता येतं मला, पण हायड्रोजनवर गाडी अडते. इलेक्ट्रॉन ५.३×१०^-११ मीटर रेडियसच्या ऑर्बिटमध्ये २.२×१०^६ मीटर प्रति सेकंद स्पीडने फिरतोय, तर न्यूक्लियसपाशी बी, म्हणजे मॅग्नेटिक फील्ड, किती? क्लासच्या नोट्समध्ये लूप धरून केलंय, मित्राने आय डीएलच्या (करंट गुणिले तारेचा छोटा तुकडा) जागी सरळ क्यू व्ही (चार्ज गुणिले वेग) टाकलं, आणि दोघांचं उत्तर सेम, १२.५ टेस्ला. हा योगायोग आहे का? आणि एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे करंट कसा काय? बोर्डाला कुठली पद्धत लिहू?

सह्याद्री_फिजिक्स
योगायोग नाही रे. मित्राची पद्धत बघ, बी = १०^-७ × क्यू व्ही साइन थीटा भागिले आर वर्ग. व्ही आणि आर कायम काटकोनात, म्हणून साइन १. वर १०^-७ × १.६×१०^-१९ × २.२×१०^६ आणि खाली २.८×१०^-२१, झालं १२.५. आता लूपने कर, आय म्हणजे चार्ज भागिले एका फेरीचा वेळ, म्हणजे क्यू व्ही भागिले २ पाय आर, साधारण १.०६ मिलिअँपिअर येतो. तो लूपच्या सेंटरच्या फॉर्म्युलात, म्यू-नॉट आय भागिले २ आर मध्ये (म्यू-नॉट म्हणजे ४ पाय × १०^-७) टाकलास की २ पाय कटतो आणि मित्राचाच फॉर्म्युला समोर येतो. बोर्डाला लूपवालीच लिही, पुस्तकात तीच आहे. आणि चार्ज निगेटिव्ह आहे हे विसरू नको, उजव्या हाताने जी दिशा येईल तिच्या उलट.

वायरमन_ते_एमएस्सी
करंट कसा, याचं उत्तर वायरमध्येच सापडतं. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर असताना इलेक्ट्रॉन सरकतात सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर, तरी १ सेंटीमीटरवर २० मायक्रोटेस्ला फील्ड मिळतं, कारण त्या तारेच्या एका मीटरमध्ये फिरू शकणारा चार्ज तब्बल १३,६०० कूलॉम आहे. फील्डला चार्ज गुणिले वेग लागतो, बाकी तो तारेत आहे की मोकळा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे प्रयोगानेही दाखवलंय, १८७६ च्या सुमारास हेन्री रोलंडने बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या लॅबमध्ये चार्ज दिलेली एबोनाइटची (कडक रबराची) चकती गरगर फिरवली आणि जवळची चुंबकसुई हलली. तिथे तारेतून वाहणारा करंट नव्हताच, फक्त चार्ज घेऊन फिरणारी चकती. मला हा प्रयोग फार आवडतो.

कोणीतरी_टीआयएफआरप्रेमी
वरचं सगळं बरोबर, पण दोन गोष्टी जोडतो. क्यू व्हीवाला फॉर्म्युला वेग प्रकाशापेक्षा खूप कमी असेल तरच चालतो, इथे तो प्रकाशाच्या १३७ पट कमी आहे म्हणून निभावतं. वेग एकसारखा असेल तर बी = व्ही क्रॉस ई भागिले सी वर्ग (ई म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड, सी म्हणजे प्रकाशाचा वेग) हे मात्र कितीही स्पीडला खरं, फक्त ई त्या वेगाने जाणाऱ्या चार्जचं खरं ई घ्यायचं. दुसरं, १२.५ टेस्ला हे बोरच्या मॉडेलचं, म्हणजे इलेक्ट्रॉन न्यूक्लियसभोवती गोल फिरतो असं धरून आलेलं उत्तर आहे. क्वांटममध्ये हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या लेव्हलला ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम शून्य असतो, म्हणजे असं गोल फिरणंच नाही, त्यामुळे परीक्षेत लिही पण खऱ्या अणूत एवढं फील्ड मोजता येईल असं समजू नको.

बारावी_सायन्स
खूप थँक्स सगळ्यांना! मग सेंटर सोडून अक्षावर थोडं वर गेलं तरी दोन्ही उत्तरं सेम येतील का?

सह्याद्री_फिजिक्स
नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. सेंटरला बीची दिशा क्षणोक्षणी तीच राहते म्हणून जुळतं. अक्षावर रेडियसइतकंच वर जा, अंतराचा वर्ग दुप्पट, म्हणून त्या क्षणाचं फील्ड निम्मं, ६.३ टेस्ला, पण ते तिरकं असतं आणि इलेक्ट्रॉनबरोबर फिरत राहतं. आडवा भाग एका फेरीत सरासरीने शून्य होतो, उरतो अक्षाच्या दिशेचा, ६.३ भागिले रूट २ म्हणजे ४.४. लूपचा फॉर्म्युला लावून बघ, तोही ४.४ च देतो, कारण लूप धरणं म्हणजे पूर्ण फेरीची सरासरी घेणं.