'सेशन'ला सत्र म्हणायचं का? आणि कुकी नसेल तर 'बिनकुकी' की 'विनाकुकी'?

सध्या एका पतसंस्थेसाठीच्या वेब अ‍ॅप्लिकेशनचं मराठीकरण करतोय आणि एका शब्दावर दोन आठवडे अडलोय, म्हणून धागा काढतोय. स्क्रीनवर जिथे सेशन एक्स्पायर झाल्याचा मेसेज येतो तिथे आधीच्या कुणीतरी 'तुमचे सत्र कालबाह्य झाले आहे' असं लिहून ठेवलंय. ते आईला वाचायला दिलं, तिने तीस वर्षं शाळेत शिकवलंय, तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "कुठलं सत्र रे, पहिलं का दुसरं?" तिच्यासाठी सत्र म्हणजे जून ते दिवाळी, त्यात काही चूक नाही. बाकी कुणाला विचारलं तर सत्र न्यायालय आठवतं, पेपरवाल्यांना राजीनामासत्र आठवतं. लॉगिन करून आत बसलेला माणूस कुणालाच आठवत नाही.

गंमत म्हणजे सेशन हा शब्द मुळात लॅटिनमधल्या 'बसणे' या अर्थाच्या धातूवरून आलाय, म्हणजे शब्दशः बघितलं तर तो आपली 'बैठक' आहे. 'एका बैठकीत वाचून काढलं' म्हणतो ना, तीच. पण 'तुमची बैठक संपली' लिहिलं तर पतसंस्थेच्या संचालकांना वाटेल मीटिंग संपली, त्यामुळे तोही बाद.

आता खरा घोळ पुढे आहे. नव्या व्हर्जनमध्ये कुकी (साइटने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद) वापरणं बंद केलंय, कारण मोबाइल अ‍ॅप आणि वेबसाइट दोन्ही एकाच सर्व्हरशी बोलतात. मदतीच्या पानांमध्ये 'कुकीलेस सेशन' असा अख्खा भाग आहे आणि तो मराठीत करायचाय. मशीनने केलेला मसुदा आला त्यात स्टेटलेस प्रोटोकॉलचं, म्हणजे मागचं काही लक्षात न ठेवणाऱ्या संवादाच्या नियमांचं, भाषांतर 'राज्यविहीन शिष्टाचार' असं होतं. अर्धा तास बघत बसलो होतो त्याकडे. 'बिनकुकी' म्हणू, 'विनाकुकी' म्हणू की 'कुकीरहित'? आणि सेशनचं काय करू?

प्रतिसाद

सत्र शब्दाची बाजू घेतो थोडी. संस्कृतात सत्र म्हणजे बारा दिवस किंवा त्याहून जास्त चालणारा सोमयाग, त्यात सगळेच ऋत्विज आणि सगळेच यजमान. अन्नछत्र पण मुळात अन्नसत्रच. म्हणजे 'न तुटता चालू राहिलेलं काम' हा अर्थ त्यात पहिल्यापासून आहे, हत्यासत्र आणि राजीनामासत्रही त्याच अर्थाने. त्यामुळे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या सलग वेळेला सत्र म्हणणं व्युत्पत्तीने अजिबात चुकीचं नाहीये, सवय नाही एवढंच.

धागा काढणारा

व्युत्पत्ती मान्य, पण माझी अडचण तिथेच आहे हो. सत्र म्हणजे *वेळ* झाला, आणि सॉफ्टवेअरमधलं सेशन मुळात वेळ नाहीच, ती *ओळख* आहे. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्याला, काहीच लक्षात राहत नाही, तुम्ही पान एक मागितलं आणि दोन सेकंदांनी पान दोन मागितलं तर सर्व्हरच्या दृष्टीने दोन अनोळखी माणसं आली. तो विसरभोळेपणा झाकायलाच १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली, आणि 'मॅजिक कुकी' हा शब्द त्याआधीपासून युनिक्सवाल्यांच्या तोंडी होताच.

मी नवीन मुलांना समजावताना देवळाबाहेरचा चप्पल स्टँड सांगतो. तुम्ही चपला देता, तो कप्प्यात ठेवतो आणि तुम्हाला पत्र्याचा बिल्ला देतो, वर नंबर ठोकलेला, १४३ समजा. चपला त्याच्याकडे, बिल्ला तुमच्याकडे. परत आलात की तो तुमचं तोंड बघत नाही, बिल्ला बघतो. कप्प्यातल्या चपला म्हणजे सेशन, बिल्ला म्हणजे सेशन आयडी, आणि कुकी म्हणजे फक्त *बिल्ला ठेवायचा खिसा*. ब्राउझर स्वतःहून त्या खिशातून बिल्ला काढून दर वेळी दाखवतो, एवढंच कुकीचं काम. आता खिसा शिवलेलाच नसेल तर बिल्ला कुठे ठेवायचा, हा सगळा बिनकुकीचा प्रश्न. म्हणून मला सत्र नको वाटतं, त्यात ना चपला दिसतात ना बिल्ला.

प्रतिसाद

बिल्ला आवडला. पूर्वी तो यूआरएलमध्येच चिकटवायचे ना? पीएचपी आणि जावा या भाषांत लिहिलेल्या जुन्या साइट्सवर लांबच्या लांब पत्ते यायचे ते त्यामुळेच का?

धागा काढणारा

हो त्यामुळेच, आणि यावर मी जरा कळकळीने लिहितो कारण भाजून घेतलंय. २००६ च्या आसपास एका छोट्या कंपनीत होतो, जावातलं ऑर्डरिंगचं काम होतं. पत्त्याच्या शेवटी अर्धविराम, मग जेसेशनआयडी, बरोबरचं चिन्ह आणि पुढे बत्तीस अक्षर-आकड्यांची शेपटी. ही शेपटी कुकी चालू असलेल्या लोकांनाही पहिल्या पानावर दिसायची, कारण पहिल्या वेळी सर्व्हरला कळलेलंच नसतं की समोरचा ब्राउझर कुकी घेणार की नाही, म्हणून तो दोन्हीकडे बिल्ला देऊन ठेवतो. एका गिऱ्हाइकाने ऑर्डरची लिंक कॉपी करून आपल्या पुरवठादाराला मेल केली, शेपटीसकट. त्याने क्लिक केलं आणि तो थेट गिऱ्हाइकाच्या खात्यात, सगळे दर समोर उघडे. कुणी काही हॅक केलं नव्हतं, बिल्लाच हातात दिला होता. त्या रात्री आम्ही चौघं ऑफिसात सर्व्हरचे लॉग, म्हणजे नोंदी, वाचत बसलो होतो आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की पत्ता ही *सांगायची* गोष्ट आहे आणि बिल्ला ही *लपवायची*, दोन्ही एकाच ओळीत ठेवायच्या नसतात. शिवाय तो पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटतो, रेफरर (कुठल्या पानावरून आलात ती नोंद) म्हणून दुसऱ्या साइटलाही जाऊ शकतो. आणि उलटी चालही आहे, चोर स्वतःचा बिल्ला तुमच्या लिंकमध्ये घालून पाठवतो, तुम्ही त्यावर लॉगिन करता आणि तो मागून येऊन त्याच बिल्ल्यावर तुमच्या चपला घेऊन जातो, त्याला सेशन फिक्सेशन म्हणतात. लॉगिन झाल्याबरोबर बिल्ला बदलून नवा देणं हा त्यावरचा उपाय. पीएचपीने ५.३ पासून फक्त कुकीतूनच आयडी घ्यायचा असं डिफॉल्ट केलं आणि २०२४ च्या ८.४ मध्ये यूआरएलवाली सोय मोडीत काढायला घेतली, माझ्या मते उशीरच झाला.

आता आम्ही जे करतोय ते वेगळं, लॉगिन झालं की टोकन मिळतं आणि अ‍ॅप ते दर वेळी ऑथरायझेशन हेडरमध्ये, म्हणजे मागणीला जोडलेल्या ओळखीच्या ओळीत, स्वतः पाठवतं. ब्राउझर आपणहून काही पाठवत नाही, त्यामुळे दुसऱ्या साइटने तुमच्या नकळत तुमच्या नावाने फॉर्म पाठवायचा प्रकार बंद होतो. पण टोकन लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधली साइटची साठवणीची जागा) ठेवलं आणि पानात कुणी वाईट स्क्रिप्ट घुसवली तर ती ते वाचू शकते, कुकीवर एचटीटीपी-ओन्ली ही स्क्रिप्टला मज्जाव करणारी खूण लावली असेल तर तिला ते वाचता येत नाही. एक खिसा गेला की दुसरीकडे भोक पडतं.

प्रतिसाद

मग जेडब्ल्यूटीला, म्हणजे सही केलेल्या जेसन वेब टोकनला, पण बिल्लाच म्हणणार का?

धागा काढणारा

नाही, इथे शब्द बदलायलाच हवा, आणि मला वाटतं मराठी इथे इंग्रजीपेक्षा जास्त कामाला येते. इंग्रजीत दोन्हीला टोकन म्हणतात आणि लोक गोंधळतात. बिल्ल्यावर नुसता नंबर असतो, स्टँडवाल्याने कप्पा बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जेडब्ल्यूटी म्हणजे एसटीचा *पास* आहे, त्यावर नाव, कुठून कुठे, कधीपर्यंत, आणि सही-शिक्का. कंडक्टर डेपोला फोन करत नाही, शिक्का आणि तारीख बघतो आणि पुढे जातो. म्हणूनच सर्व्हरला काही लक्षात ठेवावं लागत नाही. पण पास हरवला तर तारीख संपेपर्यंत जो कुणी दाखवेल त्याचा प्रवास चालू, हाही त्याचाच गुण, म्हणून मुदत पंधरा-वीस मिनिटांची ठेवायची. आणि पासावरचा मजकूर कुणीही वाचू शकतं, शिक्का म्हणजे कुलूप नव्हे, त्यात पॅन नंबर वगैरे लिहू नका हो, मी लिहिलेला बघितलाय.

प्रतिसाद

मूळ प्रश्नाकडे येते. विना- आणि बिन- मध्ये मला फरक जाणवतो. विनातिकीट, विनापरवाना, विनाहेल्मेट, म्हणजे जे *असायला हवं होतं* ते नाही, पावती फाडायच्या वेळचा शब्द आहे तो. बिन- तसा नाही, बिनतारी संदेश, बिनपगारी रजा, बिनविरोध निवड. तार नाही ही उणीव नव्हे, ती त्या वस्तूची जातच आहे. तुमचं सेशन मुद्दाम तसं बनवलंय तर बिनकुकी म्हणा. कुकीरहित ऐकलं की मला साखररहित बिस्किटाचा पुडा दिसतो.

धागा काढणारा

विनाथांबा आणि विनावाहक एसटी या नियमात बसत नाही, तिथे उणीव नाहीये. पण बिनतारीचा दाखला एकदम पटला, तंत्रातलाच शब्द आहे आणि पोलीस खात्यात रोज वापरला जातो. बिनकुकी घेतो. कुणाला वाटेल बिनकुकी म्हणजे साइट उघडताच कुकीची परवानगी विचारणारा तो पट्टाही नको, तर तसं नाही, युरोपातला नियम तुमच्या यंत्रावर काहीही साठवण्या-वाचण्याबद्दल आहे, लोकल स्टोरेजही त्यात आलं. लॉगिनसाठी अत्यावश्यक असेल तर सूट आहे, ती कुकीलाही आहेच.

सेशन मात्र सेशनच ठेवतोय, नपुंसकलिंगी, 'ते सेशन'. आणि मेसेजमधून तर तो शब्दच काढला. आता येतं, 'बराच वेळ काही हालचाल नव्हती म्हणून तुम्हाला बाहेर काढलं आहे. पुन्हा लॉगिन करा.' आईने वाचलं आणि काही न विचारता बटण दाबलं.

प्रतिसाद

'बाहेर काढलं' फार कडक वाटतं, पतसंस्थेत हाकलल्यासारखं. 'लॉगिन बंद केलं आहे' करा.

धागा काढणारा

बरोबर आहे, बदलतो. अजून एक उरलंय, टोकन रिव्होक करणं, म्हणजे मुदतीआधीच निकामी करणं. 'रद्द' की 'बाद'? पास रद्द होतो आणि नोट बाद होते, मी रद्दकडे झुकतोय.