मदत हवी आहे: घरी डोळे झाकून वाइन ओळखायचा बेत

मंडळी, येत्या शनिवारी फोंड्याला आमच्याकडे सात-आठ मित्र जमतोय. नाशिकची शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ (दोन्ही व्हाइट) आणि शिराझ, अकलूजची सांजोव्हेझे (या दोन्ही रेड), शिवाय गोव्याची गोड पोर्ट वाइन. (पोर्ट पहिल्याच घोटात ओळखू येणार, पण आमच्या मामांना दुसरं काही चालत नाही.) ७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीचे पंधरा पेले होतात, म्हणजे प्रत्येक वाइनची एक बाटली पुरे.

अडचण बाटल्या लपवायची आहे. वर्तमानपत्रात गुंडाळल्या तरी बाटलीचे खांदे कळतात: बोर्दो घाटाच्या बाटलीचे ताठ, बर्गंडी घाटाच्या बाटलीचे उतरते. फिरकीचं झाकण की बूच, हेही दिसतंच. आमच्यातला एक तर ओतण्याच्या आवाजावरून शेरे मारेल! आतल्या खोलीत जगमध्ये ओतून आणू का? पण मग व्हाइट गरम होईल, तिला ८ ते १० अंश तरी हवेत. रेडला १६ ते १८ म्हणतात, आणि आमच्या हॉलमध्ये पंखा लावूनही तिशी. फ्रिजमध्ये किती वेळ ठेवायची?

सौ. चोरिस-पाव (तिखट गोवन सॉसेज आणि पाव) करणार म्हणतेय. माझ्या मते तिखटानंतर जिभेला काही कळत नाही, तोवर नुसता पाव बरा. तिला कसं पटवू, तेही सांगा.