मदत हवी आहे: मराठी शब्दांतली अक्षरं उलटसुलट करताना नेमकं काय हलवायचं?

नाशिकमध्ये सातवीच्या मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करून घेतेय. विषय, अक्षरं विस्कटली तरी आपण शब्द कसा वाचतो. पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही चालतात, असं सांगणारा केंब्रिज विद्यापीठाच्या नावाने फिरणारा इंग्रजी उतारा नकोय. तसं संशोधन केंब्रिजमध्ये झालेलंच नाही. या विषयावरचा ग्रॅहम रॉलिन्सन यांचा 1976 चा प्रबंध नॉटिंगहॅम विद्यापीठातला. शिवाय 2006 च्या एका अभ्यासात मधली अक्षरं हलवल्यावरही वाचनाचा वेग सुमारे 11 टक्क्यांनी घटला होता, म्हणजे 'काहीच फरक पडत नाही' हेही खोटंच.

अडलंय ते देवनागरीत. 'गोदावरी'चं 'गोवदारी' केलं, तर मुलांनी न थांबता 'गोदावरी'च वाचलं. पण फक्त मात्रा बदलून 'गादोवरी' लिहिलं आणि सगळी अडखळली. 'त्र्यंबकेश्वर'ला तर हातच लावला नाही, जोडाक्षर फोडायचं की अख्खं हलवायचं तेच कळेना.

छापील तक्ताच हवा, संगणक मिळणार नाही. हातात आठ दिवस आहेत. लिपी किंवा भाषाविज्ञान शिकलेल्यांनी कृपया सांगा: मात्रेसकट पूर्ण अक्षर हलवणं हाच योग्य नियम धरू का? आणि 'गोदावरीच्या'सारख्या शब्दात शेवटचं अक्षर जागेवर ठेवायचं तर 'री' ठेवायचं की 'च्या'?