नाशिकच्या गच्चीवरील सौरवीज: पावसाआधी सावली पाहा

नाशिकमध्ये चार महिने पाऊस असल्याने घरगुती सौरवीज परवडणार नाही, असे म्हटले जाते. शंका रास्त आहे, पण हिशेब वर्षाचा धरायला हवा. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच घटते, मात्र नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे वीज कंपनीला दिलेली जादा वीज आपल्या बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, एप्रिल-मेचे शिल्लक युनिट पुढच्या बिलांत वळते होतात आणि नेमके पावसाळ्यात कामी येतात.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा समजही तपासावा. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते, म्हणून खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर, दक्षिणेकडे तोंड करून पॅनेल बसवावेत.

माझ्या मते खरा प्रश्न सावलीचा आहे. सिडकोतल्या एखाद्या रो-हाउसच्या गच्चीवर दुपार कलताना पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी सरकली, तरी त्याच मालिकेत जोडलेल्या इतर पॅनेलच्या उत्पादनालाही फटका बसू शकतो. ठेकेदाराला सकाळी आणि चारच्या सुमारास, असे दोनदा गच्चीवर बोलवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

२०२४ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. मात्र बॅटरी नसलेला साधा ग्रिड-जोड (वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला) संच वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी बंद पडतो, हे आधीच लक्षात घ्यावे.