नाशिकच्या प्लांटेड टँकला निऑनच कशाला? आपले देशी मासे काय वाईट?

गोदाकाठचा_डॅनियो

दर आठवड्याला ग्रुपवर प्लांटेड टँकबद्दल (म्हणजे आत जिवंत झाडं लावलेला माशांचा टँक) कोणीतरी विचारतं, "दोन फुटी प्लांटेड टँक लावलाय, शांत मासे सुचवा" आणि उत्तरं ठरलेली. निऑन टेट्रा घ्या, कार्डिनल टेट्रा घ्या (दोन्ही निळ्या-लाल पट्टीचे छोटे मासे), तळाला कोरीडोरास सोडा, झालं. राहतोस कुठे, पाणी नळाचं का बोअरचं, हे एकजण विचारेल तर शपथ.

मी नाशिकपुरतं बोलतो. आपल्याकडे गंगापूर धरणाचं नळाचं पाणी एक, आणि उन्हाळ्यात सोसायटीने त्याच टाकीत बोअर सोडलं की येणारं पाणी दुसरंच, काळ्या पाषाणातून आलेलं, बादलीला पांढरा थर धरणारं. तिकडे कार्डिनल टेट्रा मूळचा ब्राझीलच्या रिओ निग्रोचा, तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं, आम्लधर्मी आणि क्षार जवळपास नाहीतच. त्यात थंडी बघा. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते त्या दिवसांत शहरातही पारा एक आकडी होतो. हीटर लावू म्हणता, लावा, पण मेंटेनन्सच्या नावाखाली सकाळी गेलेली लाईट संध्याकाळी येते तेव्हा हीटर आणि फिल्टर दोन्ही बंद.

माझं म्हणणं सरळ आहे. हनी गुरामी घ्या, तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, जेमतेम दोन इंची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. झेब्रा डॅनियो घ्या, तो आपल्याच उपखंडातला, थंडी-ऊन दोन्ही काढतो. टँक तीन फुटी असेल तर रोझी बार्ब. हे सोडून लोक महागडे निऑन आणतात, महिन्याभरात निम्मे जातात, मग पुन्हा तेच आणतात.

कॉलेजरोड_स्केपर

दादा, मुद्दा ऐकायला छान आहे पण अर्धाच खरा. निऑन आणि कार्डिनल एकाच पिशवीत घालू नका. बाजारातले निऑन जवळजवळ सगळे फार्ममध्ये पैदास झालेले, बहुतेक माल आग्नेय आशियातून येतो, त्यांच्या कित्येक पिढ्यांनी ॲमेझॉन पाहिलेली नाही. नळाच्या पाण्यात ते निवांत राहतात. मरतात ते क्षारामुळे नाही, लोक टँक सायकल न करता, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढू न देता, दुसऱ्या दिवशी मासे सोडतात म्हणून. अमोनिया वाढला की तुमचा देशी मासाही मरेल, तो काय आधारकार्ड बघून मारत नाही.

आणि डॅनियो? दोन फुटीत? तो मासा दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतो, फिल्टरच्या धारेविरुद्ध पोहतो, वर झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सापडतो. प्लांटेड टँकमध्ये माणूस ऑफिसवरून येऊन बसतो ते शांत वाटावं म्हणून, समोर रिक्षा स्टँड बघायला नाही. रोझी बार्बबद्दल तर बोलूच नका, शेवाळ खातो हे खरं पण शेवाळ संपलं की कोवळ्या पानांवर येतो. प्लांटेड टँकचा जपानी उस्ताद ताकाशी अमानोने लिस्बनच्या ओशनेरियममध्ये ४० मीटर लांबीचा प्लांटेड टँक केला तो बघा, छोट्या टेट्रांचे थवे हिरव्यातून सरकतात तेव्हाच ती झाडं मोठी वाटतात. थवा छोटा आणि संथ पाहिजे, एवढंच.

गोदाकाठचा_डॅनियो

लिस्बनचं राहू द्या, सिडकोतल्या वन बीएचकेचं बोला. निऑनला २० ते २६ डिग्री मानवतं. डिसेंबरचा प्रश्न हीटरने सुटला असं मानू, मे महिन्याचं काय? खिडकीजवळच्या टँकचं पाणी ३० च्या वर जातं. चिलर घेणार का? टँकपेक्षा चिलर महाग.

कॉलेजरोड_स्केपर

चिलर कशाला, पाण्याच्या वर एक छोटा पंखा तिरका लावा, नाशिकचा उन्हाळा कोरडा आहे, वाफ पटपट होते आणि पाणी दोन-तीन डिग्री सहज उतरतं. कोकणात हे एवढं चालत नाही, इथे चालतं. आणि उकाड्याचीच भीती असेल तर निऑनऐवजी कार्डिनल घ्या, त्याला निऑनपेक्षा जास्त गरम पाणी चालतं.

मीनाक्षी_इंदिरानगर

पंख्याबद्दल एक राहिलं दादा. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोज जेवढं पाणी उडालं तेवढं बोअरचंच भरत गेलात तर मे संपेपर्यंत टँकमधला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढून कुठल्या कुठे गेलेला असतो आणि मासे "अचानक" आजारी पडतात. उडालेलं पाणी भरायला आरओचं वापरा, आठवड्याचा पाणीबदल नेहमीच्या पाण्याने करा.

बाकी तुमचं भांडण चालू द्या, पण मला वाटतं दोघंही चुकीच्या जागी भांडताय. खरी गोची आपल्या दुकानातल्या "जोडी"त आहे. दुकानात गेलं की पहिला शब्द जोडी, भाव जोडीचा, पिशवी जोडीची. मग लोक काय करतात, एक जोडी निऑन, एक जोडी विडो टेट्रा, एक जोडी टायगर बार्ब, एक जोडी गुरामी, रंगीत दिसतं म्हणून. थव्यात राहणारा मासा दोघांत ठेवला की एक तर दगडामागे लपून बसतो नाहीतर दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतो. तोच टायगर बार्ब दहा-बाराच्या घोळक्यात ठेवला तर आपापसात मारामारी करतो, बाकीच्यांचा त्रास बराच कमी होतो (तरी एंजल किंवा लांब पंखवाल्या गप्पीबरोबर नकोच). त्यामुळे "शांत मासा कोणता" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. किती ठेवणार ते आधी सांगा. दोन फुटी टँकमध्ये एकच जात घ्या, आठ-दहा घ्या, आणि वर एखादी गुरामीची जोडी. तिथे जोडी चालते.

टाकीवाले_काका

तुम्ही तरुण मंडळी फार डोकं लावता. आमच्या सातपूरला कित्येक वर्षं बोअरच आहे, मॉली, प्लॅटी, गप्पी मस्त राहतात. क्षाराचं पाणी त्यांना आवडतंच, मॉली तर मऊ पाण्यात उलट आजारी पडते. ना आरओ ना टीडीएस मीटर. झाडांवरचं शेवाळही मॉली चरते. शांत म्हणता तर याहून शांत काय पाहिजे?

गोदाकाठचा_डॅनियो

काका, पाण्याच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के पटलं, पण गप्पी आणल्यावर पुढचं गणित कोण करणार? नर-मादी एकत्र ठेवले की दर महिन्याला पिल्लं, आणि टँक भरला की माणूस पिशवी घेऊन नाल्याकडे निघतो. डासांसाठी मलेरिया विभाग गप्पी सोडतोच, वरून आपली भर कशाला.

टाकीवाले_काका

नर नर घ्या की. त्यात काय एवढं. रंग तर नरालाच असतो.

कॉलेजरोड_स्केपर

काकांना हा पॉइंट द्यावाच लागेल 😄 फक्त नर गप्पी, दहा, व्हॅलिस्नेरियाच्या जंगलात, वाईट दिसत नाही. पण काका, शेवाळासाठी सकर (काचेला चिकटणारा तो काळा मासा) नका सुचवू आता.

टाकीवाले_काका

सकर तर पाहिजेच! काच साफ कोण करणार? आणि वास्तूला आठ लाल एक काळा गोल्डफिश, हे विसरलात.

मीनाक्षी_इंदिरानगर

काका, हात जोडते. दुकानात दोन इंचाचा दिसणारा सकर फूटभराचा होतो, रुंद पानांवर चिकटून पान खरवडतो आणि मुळासकट झाडं उपटतो. मग लोक तो धरणात सोडतात, उजनीच्या मच्छीमारांना विचारा त्यांच्या जाळ्यात काय येतंय ते. शेवाळाला ओटोसिंक्लस हे छोटे मासे आहेत, चेरी श्रिंप म्हणजे छोट्या कोळंब्या आहेत, नाहीतर जुनं एटीएम कार्ड घ्या आणि काच स्वतः घासा. गोल्डफिशला तर प्लांटेड टँक म्हणजे सॅलडचं ताट. वास्तू पाहिजे तर वेगळा टँक लावा.

पंचवटीचा_पप्प्या

भो, देशीच पाहिजे तर सोमेश्वरला गोदावरीवर जा ना जाळी घेऊन, फुकटात मिळतील, दुकान कशाला.

गोदाकाठचा_डॅनियो

नको रे. देशी म्हणजे नदीतून उपसा असा अर्थ नाही. एक तर नदीच्या माशाबरोबर परजीवी येतात आणि टँकमधले सगळे घेऊन जातात, दुसरं म्हणजे तू पकडलेलं ते बोटभर पिल्लू कशाचं आहे हे तुला सहा महिन्यांनी कळणार, जेव्हा ते वीतभर झालेलं असेल. मी सांगतोय ते फार्मचे डॅनियो आणि फार्मचे गुरामी.

कॉलेजरोड_स्केपर

आता तुम्हीच फार्मचं म्हणालात. मग फार्मचा निऑन आणि फार्मचा डॅनियो यात पत्रिका कसली बघायची? उलट देशीच्या नादात लोक डेनिसन बार्ब विचारायला लागलेत, "मिस केरळ" म्हणून. सह्याद्रीतला, दिसायला देखणा, लाल पट्टी, पण जंगलातून पकडून पकडून तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. वाढतो चार-पाच इंच, त्याला चार फुटी टँक कमी पडतो. दोन फुटीवाल्याला देशीची हौस लावली की त्याची नजर तिकडेच जाते.

गोदाकाठचा_डॅनियो

डेनिसन मी सुचवलाच नाही, माझ्या तोंडात घालू नका. माझा मुद्दा लाईटचा होता त्याचं उत्तर अजून आलं नाही. हनी गुरामीला हवेतून श्वास घेता येतो. फिल्टर बंद पडला, उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन आधीच कमी, वर कोणी झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडतोय, अशा वेळी निऑन वर येऊन धापा टाकतात आणि गुरामी शांतपणे वर येतो, एक घोट हवा घेतो, खाली जातो. त्याच्या पोटाखालचे दोन दोऱ्यासारखे पंख बघितलेत का कधी जवळून? समोर पान आलं की आधी ते दोरे पुढे करून चाचपतो, मग पुढे सरकतो. नर रंगात आला की गळ्यापासून पोटापर्यंत काळानिळा होतो आणि तरंगत्या पानांखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. हे सगळं सोडून लोकांना निळी-लाल पट्टी पाहिजे.

कॉलेजरोड_स्केपर

गुरामीवर माझं भांडण नाहीच. फक्त दुकानात "सनसेट हनी" म्हणून देतात तो बऱ्याचदा जाड ओठांचा वेगळा गुरामी निघतो, तो जवळपास दुप्पट होतो. आणि ड्वार्फ गुरामीचे दोन नर एकत्र टाकून "हनीच आहेत" सांगणारेही आहेत, ते एकमेकांना झोपू देत नाहीत. लाईटचं म्हणाल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. डॅनियोला मात्र माझा विरोध कायम.

नवीन_पाथर्डीफाटा

ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो मीच, मागच्या आठवड्यात प्रश्न टाकला होता 🙏 टँक दोन फुटी, झाडं जावा फर्न, अनुबियास, मागे व्हॅलिस्नेरिया. पाणी मुकणे धरणाचं नळाचं, मार्चपासून बोअर मिक्स. सीओटू नाही. आईला एंजल मासा पाहिजे.

मीनाक्षी_इंदिरानगर

एंजल मोठा झाला की निऑन गिळतो, आईंना सांगा. आणि त्याला उंच टँक लागतो. तुझ्या पाण्याला आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा (थव्याने राहणारे छोटे मासे) आणि एक जोडी हनी गुरामी, नीट बघून घेतलेली. मार्चच्या आधी आरओचं एक कॅन भरून ठेव.

गोदाकाठचा_डॅनियो

हार्लेक्विन कशाला, हनीच सहा घे.

टाकीवाले_काका

नर गप्पी घे बाळा, आईलाही शेपटी आवडेल.

कॉलेजरोड_स्केपर

काही घे पण टँक सायकल झालाय का ते आधी सांग. टेस्ट किट आहे का? अमोनिया किती दाखवतंय?

नवीन_पाथर्डीफाटा

टेस्ट किट नाही. पाणी भरून चार दिवस झालेत, उद्या दुकानात जाणार होतो 😬

मीनाक्षी_इंदिरानगर

उद्या जा, फक्त टेस्ट किट आणि क्लोरीन घालवायचं औषध घेऊन ये. मासे बघू पण नकोस.